चुकविलेली गोळी किती रुपयांना पडते?

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत एक मामा आहेत. प्रयोगशाळेच्या परिचराला मुले 'मामा' म्हणतात आणि मुलांचे ऐकून आम्ही शिक्षकही तसेच म्हणू लागतो. कोणत्या कपाटात कोणते भिंग आहे, कोणत्या विद्युतमापीचा काटा अडकतो, हे आम्हा व्याख्यात्यांपेक्षा मामांना अधिक ठाऊक. नोकरी मात्र कंत्राटी, आणि मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला.

मामांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या सांगितल्या होत्या, एक सकाळी व एक रात्री. मामा सकाळची तेवढी घेत. एकदा मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, आता साखर आहेच कुठं? तहान तहान होत नाही, रात्री उठावं लागत नाही. एकीवर भागतंय. रोजचे सहा रुपये वाचतात." मी मान डोलावली आणि वर्गावर गेलो. आज त्या मान डोलावण्याचे वाईट वाटते.

चार वर्षे असे चालले. मग एका पावसाळ्यात नव्या चपलेने पायाच्या करंगळीपाशी घासले. दुखले नाही, म्हणून मामांचे तिकडे लक्षच गेले नाही. लक्ष गेले तेव्हा जखम खोलवर पोचली होती. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली.

मामांना हिशोब ठेवण्याची सवय आहे. प्रयोगशाळेत फुटलेल्या काचनळ्यांची नोंद ज्या काटेकोरपणे ते करतात, त्याच काटेकोरपणे त्यांनी आजारपणाचा खर्च लिहून ठेवला होता. तो त्यांच्या परवानगीने येथे देतो:

रुग्णालय व शस्त्रक्रिया : ६२,००० रुपये
औषधे व मलमपट्टी : १४,५०० रुपये
रिक्षा व एस. टी. भाडे : ३,८०० रुपये
दोन महिन्यांचा बुडालेला पगार : २२,००० रुपये
एकूण : १,०२,३०० रुपये

आता दुसरी बाजू पाहू. रोजचे ६ रुपये याप्रमाणे चार वर्षांत वाचले ६ × ३६५ × ४ = ८,७६० रुपये. एक लाख दोन हजार तीनशेला या संख्येने भागले, तर उत्तर येते ११.६८. म्हणजे वाचविलेल्या प्रत्येक रुपयामागे जवळजवळ पावणेबारा रुपये गेले. खर्चापैकी ७०,००० रुपये पतसंस्थेकडून कर्जाऊ काढलेले. त्यांचे व्याज या बेरजेत धरलेले नाही, आणि गेलेल्या बोटांची किंमत तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

परंतु विज्ञानाचा विद्यार्थी येथे लगेच हात वर करील. "सर, हे सारे त्या न घेतलेल्या गोळीमुळेच झाले, हे कशावरून?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण पायरीपायरीने जाऊ.

धोक्याची घंटा का वाजली नाही?

आपल्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी १०० मिलिग्रॅमहून कमी ग्लुकोज असते. म्हणजे साऱ्या रक्तातील साखर एकत्र केली, तर ती जेमतेम ५ ग्रॅम, चहाच्या एका चमच्याएवढी, भरेल! स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन हे प्रमाण काबूत ठेवते. इन्शुलिन कमी पडले किंवा पेशी त्याला नीट दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तात साचू लागते. उपाशीपोटी हे प्रमाण १२६ किंवा त्याहून अधिक आढळले आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसेच निघाले, तर मधुमेह आहे असे धरतात.

आता मूत्रपिंडांकडे वळू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम या हिशोबाने त्यातून रोज १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते. पण निरोगी शरीर ते वाया जाऊ देत नाही. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका जवळजवळ सगळे ग्लुकोज परत शोषून घेतात. या परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तातील प्रमाण साधारणपणे १८० च्या वर गेले, की नलिकांची शक्ती अपुरी पडते आणि साखर लघवीत उतरते. ही साखर परासरणाच्या तत्त्वाप्रमाणे आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वारंवार होते आणि तहान लागते.

यातच खरी गोम आहे. साखर १२६ च्या वर, पण १८० च्या आत असेल, तर तहानही लागत नाही आणि रात्री उठावेही लागत नाही. घंटा वाजतच नाही! एका गोळीने मामांची साखर बहुधा याच पट्ट्यात आली असावी. "भागतंय" असे त्यांना वाटले ते या शांततेमुळे. तहान हे साखर मोजण्याचे उपकरण नव्हे. ज्या तापमापीवर ४० अंशांच्या खालच्या खुणाच नाहीत, तिने ताप मोजण्यासारखेच ते आहे.

गोळीचे अर्धायुष्य

किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या प्रकरणात अर्धायुष्य ही कल्पना तुम्ही शिकता. पदार्थाचा निम्मा भाग नष्ट होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. औषधालाही ते असते. मधुमेहावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचे रक्तद्रवातील अर्धायुष्य सुमारे ६ तास आहे.

बारा तासांनी एक अशी गोळी घेतली, तर काय होईल? बारा तासांत दोन अर्धायुष्ये संपतात, म्हणजे मूळ मात्रेचा १/४ भाग उरतो. त्यावर दुसरी गोळी पडते. पुन्हा बारा तासांनी त्या साऱ्याचा १/४ उरतो. गोळी घेतल्या घेतल्या असणारे प्रमाण काही दिवसांत १ + १/४ + १/१६ + ... या श्रेणीच्या बेरजेजवळ, म्हणजे ४/३ मात्रेजवळ स्थिरावते आणि पुढच्या गोळीपूर्वी ते १/३ पर्यंत उतरते. आता एक गोळी चुकवा. आणखी बारा तासांनी उरतो १/३ चा १/४, म्हणजे १/१२ भाग. रात्रीची गोळी गाळणारा माणूस निम्मे औषध घेतो असे आपल्याला वाटते. पण दिवसाचे काही तास त्याच्या रक्तात औषध जवळपास नसतेच.

हा हिशोब ढोबळ आहे. गोळी पोटातून रक्तात उतरण्यास वेळ लागतो आणि औषधाचा परिणाम रक्तातील प्रमाणाशी अगदी सम प्रमाणात नसतो. काही गोळ्या अशा बनविलेल्या असतात, की औषध सावकाश सुटावे. त्या दिवसातून एकदाच घेतात. म्हणून किती गोळ्या आणि केव्हा, हे औषधाच्या स्वभावावर ठरते. ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपल्या खिशाने नव्हे.

रक्त स्वतःच नोंद ठेवते

तपासणीच्या आधी आठ दिवस गोड सोडायचे, गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि चांगला अहवाल मिळवायचा, ही युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करण्यासारखीच ती! पण आता एक अशी तपासणी आहे, की तिच्यापुढे ही युक्ती फारशी चालत नाही.

१९६८ मध्ये इराणमधील शास्त्रज्ञ सॅम्युएल राहबार यांनी मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे उलगडले ते असे, की रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. साखर जितकी जास्त, तितके चिकटणे जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि चिकटलेली साखर तोवर बरोबर वागविते. त्यामुळे शेकडा किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले, तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. या तपासणीस एचबीएवनसी म्हणतात. हे प्रमाण शेकडा ६.५ किंवा अधिक असणे, हे मधुमेहाचे लक्षण समजतात.

साखर केवळ हिमोग्लोबिनलाच चिकटून थांबती, तर चिंता नव्हती. ती इतर प्रथिनांनाही चिकटते. डोळ्याचा दृष्टिपटल, मूत्रपिंडातील गाळण्या, मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या अशा नाजूक जागी हळूहळू बिघाड होऊ लागतो. मज्जातंतू बधिर झाले, की चप्पल घासलेली कळत नाही. मोठ्या धमन्यांच्या आतील बाजूसही पुटे चढून त्या अरुंद होतात.

धमनी अरुंद झाली तर किती बिघडते? येथे फ्रान्सचा प्वाझूय आपल्या मदतीला येतो. तो स्वतः डॉक्टर होता आणि रक्ताच्या प्रवाहाचे कोडे सोडविण्यासाठी त्याने बारीक काचनळ्यांतून द्रव वाहवून प्रयोग केले. १८४० च्या सुमारास त्याने दाखविले, की दाब तेवढाच असेल, तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या २० टक्के घटली, तर प्रवाह ०.८ × ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.४१ पट उरतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह एक-सोळांश! धमनी म्हणजे काही काचनळी नव्हे; ती लवचीक आहे आणि शरीर इतर वाटांनी रक्त पोचविण्याची धडपड करते. तरीही थोड्याशा अरुंदपणाने पायाच्या बोटांपर्यंतचा पुरवठा इतका का घटतो आणि मग जखम का भरत नाही, याची कल्पना या नियमावरून येते.

एकट्या मामांवरून नियम बनत नाही

आता हात वर केलेल्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही. गोळ्या नियमित घेणाऱ्यालाही पायाची जखम होऊ शकते आणि चुकविणारा एखादा सुखरूप राहू शकतो. यासाठी पुष्कळ माणसांवर, पुष्कळ वर्षे निरीक्षण हवे.

असा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झाला. २३ केंद्रांतील ५,१०२ नव्या मधुमेही रुग्णांना त्यात घेतले होते. एका गटाची साखर औषधांनी कसून काबूत ठेवली, दुसऱ्याला मुख्यतः आहारावर ठेवले. सुमारे दहा वर्षांच्या काळात पहिल्या गटाचे एचबीएवनसी ७.० आणि दुसऱ्याचे ७.९ राहिले. फरक एकापेक्षाही कमी! पण १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले, की सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणाऱ्या व्याधी पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी होत्या. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरात सारखीच झाली. तरीही दहा वर्षांनंतर पहिल्या गटाचा फायदा टिकून होता. सुरुवातीच्या वर्षांत सांभाळलेले पुढे दीर्घकाळ कामी आले.

हा प्रयोग गोळ्या चुकविणाऱ्यांवर नव्हता, हे ध्यानात ठेवा. साखर किती काबूत आहे, यातील फरकाचा परिणाम त्याने मोजला. गोळी चुकली, की साखरेचा काबू सुटतो. काबू सुटला, की व्याधींचा धोका वाढतो. साखळीच्या दोन्ही कड्या पक्क्या आहेत. मामांच्या बाबतीत आपण "गोळीमुळेच" असे म्हणू शकत नाही. "धोका वाढला होता" असे खात्रीने म्हणू शकतो. याच प्रयोगात खर्चही मोजला गेला. कसून उपचार केल्याने औषधांचा खर्च वाढला, पण व्याधींवरील उपचारांचा खर्च बराच घटला.

'फुकट' उपचाराची किंमत

मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली, तर रक्त यंत्राने शुद्ध करावे लागते. यालाच डायलिसिस म्हणतात. आपल्या देशात गरीब रुग्णांसाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार मिळतो. ही सोय फार मोलाची आहे. मग खर्च उरला कोठे?

एक हिशोब करू. समजा, एका रुग्णाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते. वर्षाला १०४ वेळा. प्रत्येक वेळी यंत्राखाली सुमारे ४ तास, शिवाय जाणे-येणे. म्हणजे दिवस गेला. बरोबर घरचे एक माणूस. दोघांची रोजची मजुरी प्रत्येकी ५०० रुपये धरली, तर १०४ × २ × ५०० = १,०४,००० रुपये वर्षाला बुडाले. उपचार फुकट असूनही! प्रवासाचे पैसे निराळेच. खर्चाचा एक रकाना बिलात दिसतो, दुसरा कोठेच छापलेला नसतो. मामांच्या वहीत तो 'बुडालेला पगार' म्हणून दिसला, कारण मामा काटेकोर आहेत.

देशाच्या पातळीवरही हे दोन रकाने असतात. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०२२ या वर्षाचा अंदाज काढला. निदान झालेल्या मधुमेहाचा त्या देशावरील भार ४१,२९० कोटी डॉलर होता. त्यापैकी ३०,६६० कोटी उपचारांवर आणि उरलेले १०,६३० कोटी बुडालेल्या कामाचे. हा सारा भार काही गोळ्या चुकविण्याचा नव्हे; पण त्यातील एक भाग टाळता येण्याजोगा आहे. भारतात तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

दोष कोणाचा?

गोळ्या चुकविणाऱ्याला आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये सांगितले, की दीर्घकालीन आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी ५० टक्केच आहे. निम्मे जग आळशी नसते. कोणी विसरतो, कोणाला गोळीने मळमळते, कोणाला "एकदा सुरू केली की सुटत नाही" अशी भीती घातलेली असते, आणि पुष्कळांना ती परवडत नाही.

इन्शुलिनची कथा या बाबतीत विचार करायला लावणारी आहे. १९२१ मध्ये कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी त्याचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते टोचले गेले. तोवर त्या वयाच्या मधुमेही मुलांना मरणाखेरीज वाट नव्हती. या औषधाने कोणी गबर होऊ नये, म्हणून संशोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकले. आणि सुमारे शतकानंतर, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मधुमेह केंद्राच्या पाहणीत, इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश लोक किमतीमुळे ते पुरवून पुरवून वापरत असल्याचे आढळले! अखेर २०२२ मध्ये तेथे कायदा होऊन वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत इन्शुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घातली गेली. शोध लागला म्हणजे काम संपले असे नाही. ते औषध रोज त्या माणसाच्या हाती पडले पाहिजे.

म्हणून पैशाची अडचण असेल, तर गोळी गाळण्यापूर्वी ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. तेच औषध असलेली स्वस्त गोळी पुष्कळदा मिळते. जनऔषधी केंद्रे त्यासाठीच आहेत. सरकारी दवाखान्यातही चौकशी करावी.

करून पाहा

घरात किंवा शेजारी कोणी मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांच्या परवानगीने हा प्रयोग करा. महिन्याच्या पहिल्या तारखेला गोळ्या मोजा. तीस दिवसांनी उरलेल्या पुन्हा मोजा. घेतलेल्या गोळ्या भागिले सांगितलेल्या गोळ्या, गुणिले १००. उदाहरणार्थ, ६० पैकी १८ उरल्या, तर ४२ घेतल्या. प्रमाण ७० टक्के. संशोधक सामान्यतः ८० टक्के किंवा अधिक प्रमाणास समाधानकारक मानतात.

दोन गोष्टी मात्र पाळा. हा आकडा कोणाला रागावण्यासाठी नाही. गोळी का राहते ते प्रेमाने विचारण्यासाठी आहे. आणि चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा कोणालाही घेऊ देऊ नका. साखर एकदम उतरून चक्कर, बेशुद्धी येण्याचा धोका असतो. गोळी राहिली तर काय करावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

मामा पुन्हा कामावर आले आहेत. पायात मऊ बूट असतो आणि रोज रात्री मुलगी त्यांचे तळवे दिव्याच्या उजेडात पाहते. परवा फुटलेल्या काचसामानाची नोंदवही चाळताना तिच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखलेले दिसले, 'सकाळ' आणि 'रात्र'. त्या महिन्याच्या सर्व तारखांपुढे दोन्हीकडे खुणा होत्या. मी वही मिटून जागेवर ठेवली आणि या वेळी मात्र मामांना म्हणालो, "मामा, मी चार वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं."

तुम्ही चार वर्षे थांबू नका.